पिकअपला पुढून काढता-घालता येणारा विंच : रिसीव्हर घरच्या घरी कसा बनवायचा

बोलेरो कॅम्पर, झेनॉन, व्ही-क्रॉस, स्कॉर्पिओ गेटवे यातलं काहीतरी दारात उभं असेल आणि पावसाळ्यात गाडी पाणंदीतनं शेतावर न्यावी लागत असेल, तर विंच (मोटरने दोर ड्रमवर गुंडाळून रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) घ्यायचा विचार डोक्यात कधीतरी येऊन गेलेलाच असणार. पण विंच कायमचा बंपरवर बसवला की पुढच्या पाट्यांवर किंवा टॉर्शन बारवर वर्षभर ४० किलोचं ओझं, रेडिएटरची हवा अडते, मोटरमधे पाणी जातं, आणि वर्षातले दहा महिने त्याचं काम काहीच नसतं. त्यापेक्षा चेसिसला एक चौकोनी नळी पक्की करायची, विंच एका पाळण्यावर बसवून त्या पाळण्याला चौकोनी दांडा लावायचा, लागेल तेव्हा दांडा नळीत सारून पिन मारायची, काम झालं की काढून शेडमधे ठेवायचा. नळीला रिसीव्हर म्हणतात, दांड्याला शँक. अमेरिकेत पिकअपच्या मागे ट्रेलर ओढायला जो २ इंची हिच असतो तेच माप इथे पुढे आणायचं आहे, त्याचा फायदा असा की उद्या मागेही तसलाच हिच बसवला तर तोच विंच मागे लावून गाडी आल्या वाटेने मागे ओढून काढता येते, आणि अडकलेल्या गाडीला बहुतेक वेळा तेच हवं असतं.

एक गोष्ट आधीच बोलून घेऊ. असा काढता विंच हा कायमच्या विंच बंपरइतका तगडा कधीच होत नाही. कायमच्या बंपरमधे ओढ चार-सहा बोल्टमधून थेट चेसिसच्या दोन्ही दांड्यांत जाते, इथे सगळी ओढ मधोमध एका ५० मिमीच्या दांड्यातून जाते. म्हणून खाली जे सांगतोय त्यातलं निम्मं हे दांडा वाकू नये यासाठीच आहे.

आधी कायद्याचं थोडं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाही, आणि डिसेंबर २०१७ मधे केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुलबार आणि क्रॅश गार्ड याच कलमात बसवून कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. त्यामुळे रिसीव्हरचं तोंड बंपरच्या बाहेर येऊ देऊ नका, आणि विंच लावलेल्या अवस्थेत गाडी हायवेवर नेऊ नका, नंबर प्लेट झाकली जाते ते वेगळंच. आरटीओत ओळखीचं कोणी असेल तर आधी विचारून घेतलेलं बरं, इन्शुरन्सवाल्यालाही. गाडीला एअरबॅग असतील तर अजून एक भानगड आहे. चेसिसच्या पुढच्या टोकाला धडकेत चुरगळायला ठेवलेले डबे असतात आणि काही गाड्यांत सेन्सरही तिथेच रेडिएटरच्या चौकटीवर असतो. त्या डब्यांना आडवा भक्कम पाइप ठोकला की चुरगळणं बंद, मग एअरबॅग कधी उघडणार याचा भरवसा नाही. आडवा पाइप त्या डब्यांच्या मागे, जिथून खरी चेसिस चालू होते तिथे बसत असेल तरच पुढे वाचा. नवीन गाडी असेल तर माझं मत सरळ आहे, करू नका. जुन्या, एअरबॅग नसलेल्या, शेतावर राबणाऱ्या पिकअपसाठी हे काम आहे. आणि लॅडर चेसिस, म्हणजे शिडीसारखी वेगळी चेसिस, नसलेल्या गाडीला तर नकोच नको.

विंच किती मोठा

नियम सोपा आहे, गाडीचं भरलेलं एकूण वजन गुणिले दीड. समजा मालासकट गाडी २,७०० किलो, तर ४,०५० किलो, म्हणजे साधारण ८,९०० पाउंड, आणि बाजारात ८,००० नंतरचं नेहमीचं माप ९,५०० पाउंडाचं आहे म्हणून तेच घ्यायचं. ९,५०० पाउंड म्हणजे ४.३ टन. पण हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो, दोर जितका गुंडाळलेला तितकी ओढ कमी, शेवटच्या थरावर बरीच घटलेली असते. यापेक्षा मोठा विंच २ इंची शँकवर लावायच्या भानगडीत पडू नका. १२,००० चा मिळतोय, स्वस्तात मिळतोय, तरी नको.

दोर स्टीलचा की सिंथेटिक, हा वाद कधी संपत नाही. या कामापुरता मी सिंथेटिकच म्हणेन, कारण विंच हाताने उचलायचा आहे आणि दोरातच वजनाचा बराच फरक पडतो. शिवाय सिंथेटिक तुटला तर स्टीलच्या वायररोपसारखा झेपावत नाही. सिंथेटिकला ऊन आणि घासणं सोसत नाही, पण आपला विंच तर एरवी शेडमधेच असणार. सिंथेटिक घेतला तर पुढे रोलर नको, गुळगुळीत ॲल्युमिनियमचा हॉस फेअरलीड, म्हणजे दोर ज्यातून बाहेर येतो ती चौकट, लावा. आधी स्टीलचा दोर वापरलेला रोलर असेल तर त्याला पडलेले ओरखडे नवीन दोर सोलून काढतात.

माल

आडवा पाइप, म्हणजे क्रॉस मेंबर, हे पहिलं. उद्यमनगरात किंवा एमआयडीसीत कुठल्याही वर्कशॉपला विचाराल तर समोरचा ७२ चा चौकोनी पाइप दाखवेल, चार-पावणेपाच जाडीचा, आणि म्हणेल ह्याच्यावर रणगाडा ओढा. हिशोब करून बघू. चेसिसच्या दोन दांड्यांत ८०० मिमी अंतर धरलं आणि मधोमध ४.३ टनाची ओढ दिली, टोकं नुसती टेकलेली धरली, तर ७२×७२×४.८ च्या पाइपमधे ताण येतो साधारण ३१० एमपीए (मेगापास्कल, ताण मोजायचं माप). साधं स्टील २५० च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. टोकं बोल्टने आवळलेली असल्याने प्रत्यक्षात ताण थोडा कमी येईल, पण त्या आशेवर पाइप निवडायचा नसतो. तोच हिशोब १००×१००×५ ला केला की आकडा १५० च्या खाली येतो. वजन मीटरला साडेचौदा किलोच्या आसपास, म्हणजे ७२ च्या पाइपपेक्षा चार-पाच किलो जास्त, तेवढं चालतंय. १०० चाच घ्या.

शँकसाठी भरीव ५० मिमी चौकोनी बार, माइल्ड स्टीलचा. मीटरला १९.६ किलो, आपल्याला ४०० मिमी पुरतो. पोकळ का नको ते खाली येतंय. कोणी ईएन-८ चा बार दे म्हणेल कारण तो जास्त कडक, पण त्यात कार्बन जास्त आहे, नीट तापवल्याशिवाय वेल्ड केला तर वेल्डच्या कडेलाच तडकतो. ईएन-८ पिनसाठी ठेवा.

रिसीव्हरची नळी हा सगळ्यात किचकट भाग. खरी रिसीव्हर ट्यूब बाहेरून अडीच इंच, भिंत पाव इंच, आतून बरोबर २ इंच, आणि आतली शिवण काढलेली असते. आपल्याकडच्या स्टीलच्या दुकानात ६३.५ चा पाइप मिळतो पण बहुतेक वेळा ४.५ जाडीचा, म्हणजे आतून ५४.५, त्यात ५० चा बार खडखडणार आणि प्रत्येक झटक्याला हातोड्यासारखा आपटणार. ६० चा ४.८ जाडीचा घेतला तर आतून ५०.४, कागदावर बरोबर पण आत शिवणीचा उंचवटा आणि कोपऱ्यांची गोलाई असते, त्यात बार घुसत नाही. तर तीन रस्ते. तयार रिसीव्हर ट्यूब मागवायची, हे सगळ्यात उत्तम. किंवा ६० चा पाइप घेऊन आतली शिवण लांब कानशीने घासून काढायची आणि बारचे चारही कोपरे ग्राइंडरने मारायचे, अर्धा दिवस जातो आणि खांदा भरून येतो. किंवा ८ मिमीच्या चार पट्ट्या कापून डबा बनवायचा. तिसरा रस्ता वाटतो त्यापेक्षा बरा आहे, फक्त वेल्ड करताना बारभोवती दोन्ही बाजूंनी अर्ध्या मिमीचा पत्रा घालून त्याच्यावर पट्ट्या क्लॅम्प करा, कारण वेल्ड थंड होताना डबा आत ओढतो आणि बार आत अडकला तर मग घणाने काढावा लागतो. नळीची लांबी ३०० ठेवा, शँक आत कमीत कमी २०० मिमी गेला पाहिजे.

बाकी १० मिमीची प्लेट दोन्ही बाजूच्या कानांसाठी, म्हणजे चेसिसला बोल्टने लागणाऱ्या प्लेटींसाठी, ८ मिमीची पाळण्याच्या तळाला आणि गसेटना, म्हणजे कोपऱ्यांना आधार देणाऱ्या तिकोनी तुकड्यांना, बोल्ट एम-१२ चे ८.८ ग्रेडचे. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं बघून घ्या, काहीच कोरलेलं नसेल तर तो गेटला लावायचा बोल्ट आहे.

शँक वाकतो कसा

शँकवर दोन प्रकारे वाक येतो. दोर शँकपेक्षा वर असतो म्हणून सरळ ओढतानाही विंच पुढे मान टाकायला बघतो. दुसरं, दोर तिरका गेला की पाळणा बाजूला फिरायला बघतो. ४.३ टनाची सरळ ओढ आणि दोर शँकच्या मध्यापासून १०० मिमी उंच असेल तर भरीव ५० च्या बारमधे ताण साधारण २०० एमपीए, आणि ५०.८ च्या पाव इंची पोकळ पाइपमधे २८०. म्हणजे पोकळ सरळ ओढीतच गेला. आता भरीव बार घेऊन दोर ३० अंश तिरका करा, फेअरलीड रिसीव्हरच्या तोंडापासून २०० मिमी पुढे आहे असं धरा. दोन्ही ताण कोपऱ्यात एकत्र येतात आणि बेरीज होते ३८० च्या घरात. गेला. १५ अंशालाही पूर्ण ओढीत ३०० भरतो.

यातून तीन गोष्टी निघतात. दोर जितका खाली आणि पाळणा जितका आखूड तितकं बरं, पण विंचच्या पोटाचीच खोली १६० च्या आसपास असते म्हणून फेअरलीड तोंडापासून २०० च्या आत आणणं अवघड आहे. दुसरं, जोराचं काम असेल तेव्हा दोर पुलीतून, म्हणजे स्नॅच ब्लॉकमधून, फिरवून आणायचा आणि त्याचा हूक पाळण्याला न लावता चेसिसच्या टो हूकला लावायचा. गाडीला ओढ दुप्पट मिळते पण पाळण्यावर फक्त दोराच्या एकाच पदराचा भार येतो, म्हणजे गाडीला ४.३ टनाची ओढ हवी असेल तर शँकवर निम्मीच येते आणि १५ अंश तिरकं असलं तरी ताण १५० वर राहतो. वेग निम्मा होतो, होऊ दे. तिसरं, पाळण्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून ग्रेड ८० ची ८ मिमी साखळी मागे क्रॉस मेंबरच्या टोकांना शॅकलने लावायची, ताठ. या साखळीचा कामाचा भार २ टनाचा असतो. दोर डावीकडे गेला की उजवी साखळी ताणली जाते आणि शँकवरचा वाक घेते, आणि यदाकदाचित पिन निसटलीच तर ४० किलोचा विंच बाणासारखा सुटत नाही.

चेसिसला लावणं

गाडी सपाट जागी, पुढचा बंपर आणि खालचा पत्रा काढा. चेसिसच्या दांड्यांना पुढे टो हूकची किंवा बंपरची भोकं असतात, तीच वापरायची. पुठ्ठा घ्या, फ्रिजच्या खोक्याचा जाड, चेसिसच्या बाजूला दाबून धरा आणि भोकांत बोट घालून खुणा उठवा. त्याच पुठ्ठ्यावरून १० मिमीची प्लेट कापायची. डावी-उजवी बाजू सारखी असेल असं धरून चालू नका, दोन पुठ्ठे वेगवेगळे काढा. एका बाजूला ३ बोल्ट तरी हवेत, आणि जितके लांब लांब तितकं चांगलं, पहिला आणि शेवटचा यात १५० मिमी अंतर मिळालं तर छान. हिशोबाने सरळ ओढीत दोन बोल्टांवरही प्रत्येकी एक-सव्वा टनच येतं आणि ८.८ चा एम-१२ कातरायला चार टनाच्या आसपास लागतं, पण तिरकी ओढ आली की जवळजवळ सगळा भार एकाच बाजूवर जातो.

मिस्त्री इथे हमखास म्हणणार, "कशाला बोल्ट ओ, डायरेक्ट चेसिसलाच मारतो, काय होत न्हाई." ऐकू नका. चेसिसचं स्टील साधं नसतं, वेल्डच्या कडेची पट्टी उष्णतेने मऊ किंवा ठिसूळ होते आणि दोन पावसाळ्यांनी बरोबर त्या रेषेत चीर जाते. नवीन भोक पाडायचं झालं तर दांड्याच्या उभ्या बाजूला, वरच्या-खालच्या पट्टीत कधीच नाही. आणि चेसिस डब्यासारखी बंद असेल तर बोल्ट आवळताना भिंती आत दबतात, म्हणून आतल्या मापाची जाड नळी, स्लीव्ह, घालून त्यातून बोल्ट आरपार न्या.

दोन्ही कान बोल्टने लावून १०० चा पाइप त्यांच्यामधे धरा, गुण्या लावा, लेव्हल बघा आणि फक्त टॅक, म्हणजे जागेवर धरण्यापुरते वेल्डचे ठिपके, मारा. टॅकसुद्धा गाडीवर मारायचा असेल तर बॅटरीच्या दोन्ही केबल काढा आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प त्याच प्लेटवर लावा, चेसिसच्या दुसऱ्या टोकाला नाही. नंतर सगळं खोलून टेबलावर घ्या आणि पूर्ण वेल्ड तिथेच करा.

आता रिसीव्हर पाइपच्या कुठे. बघायला सगळ्यात मस्त दिसतं ते पाइपला मधोमध चौकोनी भोक पाडून नळी आरपार घालणं. पण वाक सगळ्यात जास्त मधोमधच असतो आणि तुम्ही नेमक्या पुढच्या-मागच्या भिंती, ज्या तो वाक घेतात, त्याच कापून टाकता. त्यापेक्षा नळी पाइपच्या खाली लावा. दोन्ही बाजूंनी १० मिमीच्या प्लेटी, वर पाइपला आणि खाली नळीला मिठी मारतील अशा, पुढे-मागे लांब. याचा एक छुपा फायदा आहे. नळीचा मध्य पाइपच्या मध्यापासून ८० मिमी खाली येतो, दोर नळीपासून १०० मिमी वर असतो, म्हणजे दोर जवळजवळ पाइपच्या मध्यरेषेतच येतो आणि पाइपला पीळ पडत नाही. तोटा असा की गाडीच्या नाकाखालची जागा कमी होते, बांधावर चढताना टेकेल. माझ्या मते हा सौदा परवडतो.

वेल्डिंगबद्दल. मिग असेल तर उत्तम, आर्क असेल तर ७०१८ चा रॉड, ३.१५ मिमी, साधारण १२० अँपवर, मशीन डीसी असावं. नेहमीचा ६०१३ ग्रिल-गेटला ठीक आहे, त्याने वेल्ड दिसायला सुरेख येतो पण जाड प्लेटमधे खोल जात नाही. ७०१८ चं पाकीट उघडं पडलेलं असेल तर रॉड ओले झालेले असतात, पावसाळ्यात तर नक्कीच, भट्टीत तापवूनच वापरा. १० मिमीच्या प्लेटच्या कडांना ग्राइंडरने व्ही मारा, रंग-गंज-तेल सगळं पांढरं होईपर्यंत घासा. जीआय पाइप असेल तर जस्ताचा थर आधी पूर्ण काढा, त्याचा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो. एका बाजूचा वेल्ड एका दमात ओढू नका, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे असा फिरत चला नाहीतर पाइप केळ्यासारखा वाकतो. स्वतःच्या वेल्डवर भरवसा नसेल तर कापणं, टॅक मारणं, ड्रिल घरी करा आणि शेवटचा वेल्ड रोज जाड काम करणाऱ्याकडून मारून घ्या, यात कमीपणा काही नाही.

नळीच्या तोंडाभोवती १० मिमीच्या पट्टीची कॉलर फिरवा, शँक सगळ्यात जास्त तिथेच दाबतो. पिनचं भोक तोंडापासून ६५ मिमीवर, पिन ५/८ इंच म्हणजे १६ मिमी. भोक हातड्रिलने पाडू नका, पिलर ड्रिलवर नळी आणि शँक एकत्र धरून आधी ६, मग १०, मग १६.५. पिन दोन्ही बाजूंना कातरली जाते त्यामुळे ४.३ टनालाही तिच्यावर ताण ११० एमपीएपेक्षा कमीच येतो, म्हणजे पिनची काळजी नाही, फक्त पिन म्हणून सळईचा तुकडा किंवा आटे पडलेला बोल्ट नको. नळीच्या बाजूला एक एम-१० चा नट वेल्ड करून त्यातून बोल्ट शँकवर दाबायची सोय करा, खडखड पूर्ण थांबते.

पाळणा

विंचच्या पायांची भोकं बहुतेक सगळ्या कंपन्यांत एकच, १० इंच बाय साडेचार इंच, म्हणजे २५४ × ११४.३ मिमी. फेअरलीडची दोन भोकंही १० इंचांवर. तरी विंच हातात आल्याशिवाय ड्रिल करू नका, आणि विंच पाळण्यात ठेवून क्लचची मूठ पूर्ण फिरते का, दोर ड्रमच्या खालून सरळ फेअरलीडमधे जातो का, कंट्रोल बॉक्स कुठे बसतो हे बघून घ्या. दोर वरून निघायला लागला तर समजा उलटा गुंडाळलाय, आणि बऱ्याच विंचचा ब्रेक एकाच दिशेला धरतो. तळाची ८ मिमीची प्लेट, पुढे फेअरलीडसाठी १० मिमीची उभी प्लेट, दोन्ही टोकांना तिरके गसेट. शँक तळाच्या प्लेटखाली पुढच्या प्लेटपर्यंत पूर्ण न्या, मागच्या कडेला नुसता चिकटवून सोडू नका, लांब वेल्ड मिळाला पाहिजे. चारही बोल्ट लावायचे, एम-१० चे, विंचसोबत आलेलेच, जास्त लांब घातले तर आत टेकतात आणि आवळल्यासारखे वाटतात पण प्लेट सैलच असते.

दोन्ही बाजूंना २० मिमी पाइपच्या मुठी लावा. पाळणा, शँक आणि विंच मिळून ५० ते ६० किलो भरतं. एकट्याने उचलून कंबर धरून बसण्यापेक्षा पिकअपच्या हौद्यातून दोघांनी उतरवा.

करंट

९,५०० चा विंच पूर्ण ओढीत १२ व्होल्टवर ४०० अँपच्या वर जातो. बॅटरीपासून पुढच्या बंपरपर्यंत दीड मीटर जायला, दीड मीटर यायला अशी ३ मीटर केबल धरली तर ३५ चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलमधे साधारण पाऊण व्होल्टापेक्षा थोडंच कमी गळतं, ५० च्या केबलमधे अर्ध्यापेक्षा कमी. पुढच्यापुरतं ३५ ची वेल्डिंग केबल चालते, मागेही न्यायची असेल तर ५० च घ्या. पण खरं तांबं घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वेल्डिंग केबल दुकानात सर्रास मिळते, टोक सोलून ब्लेडने खरवडलं की आतून पांढरी दिसते. लग, म्हणजे केबलच्या टोकाची भोकाची टोपी, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्यायचे, हातोडीने चेपलेला लग ४०० अँपला लाल होतो.

गाडीकडच्या टोकाला अँडरसनचा एसबी-१७५ कनेक्टर, रबरी टोपणासकट, पाळण्याच्या केबलला त्याचा जोडीदार. १७५ हा सतत चालवायचा आकडा आहे, विंचचं काम मिनिटभराचं म्हणून चालून जातं, पण लांब ओढायची सवय असेल तर एसबी-३५० घ्या. बॅटरीजवळ आयसोलेटर स्विच, म्हणजे केबलचा करंट पूर्ण तोडणारा स्विच, अनिवार्य समजा. ती केबल एरवी बंपरमधे जिवंत पडून राहिली आणि पत्र्यावर घासून उघडी पडली तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. केबलवरून प्लास्टिकचा कंड्युट आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट.

इंजिन चालू ठेवूनच ओढा. ४०० अँप एक मिनिट म्हणजे बॅटरीतून साडेसहा एएच गेले, आणि अल्टरनेटरकडून गाडीचं भागवून ४० अँप उरत असतील तर तेवढं परत भरायला दहा मिनिटं लागतात. म्हणून मिनिटभर ओढलं की थांबायचं, मोटरच्या पाठीला हात लावून बघायचा, चटका बसत असेल तर एक चहा होऊ द्या.

पहिली ओढ

रेड ऑक्साइड आणि वरून काळा रंग मारून सगळं जागेवर बसवा, एम-१२ चे बोल्ट टॉर्क पान्याने ८० न्यूटन मीटरला आवळा, आणि नट-बोल्ट-प्लेट यांच्यावरून पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे लांबूनच कळतं.

नवीन दोर ड्रमवर सैल असतो. तो पूर्ण बाहेर काढा, ड्रमवर स्टीलचा असेल तर ५ आणि सिंथेटिक असेल तर १० वेढे ठेवून, मग हलक्या चढावर गाडी न्यूट्रलला ठेवून, आत ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून बसलेला, झाडाला रुंद पट्टा बांधून गाडीनेच गाडी ओढत दोर भारात गुंडाळा. सव्वादोनशे किलोचा भार पुरेसा असतो. पट्ट्याशिवाय दोर झाडाला गुंडाळू नका, झाडही मरतं आणि दोरही. यातच रिसीव्हरची पहिली परीक्षा होते. नंतर टॉर्चने उजेड मारून वेल्डच्या कडा बघा, रंगावर केसाएवढी चीर दिसली तर खालच्या स्टीलमधेही असू शकते, तिथला रंग खरवडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. शँक बाहेर काढून त्याच्यावर पट्टी उभी धरा, फटीतून उजेड दिसला तर तो वाकलाय. मग हळूहळू भार वाढवत न्या, पहिल्याच दिवशी शेजाऱ्याचा चिखलात रुतलेला ट्रॅक्टर काढायला जाऊ नका, शेजारी कितीही मागे लागला तरी.

ओढताना चामड्याचे हातमोजे, दोरावर मधोमध जुनी रजई किंवा ओलं गोणपाट, रिमोटची वायर दरवाज्यातून आत घेऊन माणूस शक्यतो केबिनमधे. ताणलेला दोर कोणी ओलांडायचा नाही आणि दोराच्या लांबीइतक्या अंतरात कोणी उभं राहायचं नाही. गावात गाडी अडकली की पंधरा जण जमतात आणि प्रत्येकजण दोराला हात लावून "ताणलाय का" बघतो. त्यांना आधी लांब करा, विंचचं बटण नंतर.

काम झालं की दोर धुवून, वाळवून गुंडाळा, चिखलाचे कण आत राहिले तर तेच दोर आतून कापतात. कनेक्टरच्या जिभांवर थोडं ग्रीस, नळीच्या आतून ग्रीसचा हात, तोंडाला रबरी बूच. बूच नसेल तर नळीत चिखल सुकून बसतो आणि ऐन वेळी शँक अर्ध्यातच अडकतो. पिन आणि तिची क्लिप गाडीच्या टूलबॉक्समधे न ठेवता पाळण्यालाच साखळीने बांधून ठेवा, आणि दर पावसाळ्याच्या तोंडाला ती पांढरी रेघ, शँकची पट्टी आणि वेल्डच्या कडा एकदा परत बघून घ्या.